हरीच्या क्लॅरिनेटचा उतरलेला सूर

१२ नोव्हें., बुध.
वाद्यदुरुस्तीचं दुकान उघडतोय तोच गव्हाणचा हरी दारात. ओठ फाटलेला, पुढचे दोन दात गायब. काल हळदीला बँडमालक भास्करशेठने भर मंडपात बुकलला. क्लॅरिनेट कीबोर्डच्या सुराखाली वाजत होतं म्हणून. "पिऊन फुकतोस काय रे भडव्या!" वर बँडमधून काढलं.
"मास्तर, थेंब नाय घेतला. दोस माझा का या क्लॅरिनेटचा, तेवढं सांगा."

१३, गुरु.
भोकांवरच्या प्रत्येक पॅडखाली सिगारेटचा कागद धरून पाहिला. गळती नाही. ट्यूनर लावला. खालपासून वरपर्यंत सगळे सूर उतरलेले. म्हणजे नळीच लांब. तोंडाखालचा नळीचा आखूड तुकडा, बॅरल, मोजलं. दोन मिलिमीटर जास्त.
गेल्या आठवड्यात याच बँडची दोन क्लॅरिनेटं धुतली, बॅरलं एका ताटलीत. जोडताना मीच अदलाबदल केली. दुसऱ्या वादकाचा सूर चढला असणार, त्याने बॅरल जरा बाहेर ओढलं, सुटला. हरी लांब बॅरल आत कुठे ढकलणार? मंगळवारी दुकानातून थेट मंडपात गेलेला.
देताना फुंकूनही पाहिलं नाही मी. आणि पनवेलभर कानाचा तोरा.

१४, शुक्र.
शेठ चहाला. "दात पाडले की सूर जागेवर येतो, काय मास्तर?"
हसलो. झाडू मारण्यापासून इथवर आलो ते असंच हसत. पण आज...

१५, शनि.
बॅरल बदललं. हरीला खरं सांगितलं. त्याने उजव्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी कपाटावर आपटलो. मग तोच रडायला लागला.
"उद्या चिरनेरच्या हळदीला चला. सगल्यांसमोर शेटला सांगा. नायतर मी कोयता घेऊन जातो."
कानात शिट्टी चालूच. पंचमाच्या आसपास.

१६, रवि.
सांगितलं, माईकवरून. चूक माझी, हरीचा सूर पक्का.
शेठने मंडपाचा बांबू उपसला. वाटलं, मेलो. त्याने तो हरीच्या हातात दिला. "चूक याची ना? फोड मग याला!" पोरं शिट्ट्या मारायला लागली.
हरीने बांबू तोलला. माझ्याकडे बघितलं. मग शेठकडे, बराच वेळ. बांबू खांद्यावर टाकून चालता झाला.

१७, सोम.
हरीचा फोन बंद. घरी नाही.
दुपारी शेठचा फोन. "मास्तर, हरी आलाय का तुमच्याकडे?"
"नाही. का हो?"
"काय नाय, सहज."
शेठचा आवाज चांगला अर्धा सूर चढलेला. फोनमध्ये, त्याच्या मागे, कुणीतरी दाराला आतून कडी घातली.