पाचवं चाक

४ नोव्हेंबर, मंगळवार
बसलो! आष्टीहून जालन्याच्या निम्म्या वाटेत, कापसाच्या रानाशेजारी. सळईचा तुकडा टायरच्या बगलेत घुसला. बोटं जातील एवढी चीर. डिकी उघडली तर स्टेपनी न्हाई! तिच्या जागी इवलासा पंप आणि पांढऱ्या औषधाची बाटली. खिळ्याचं भोक त्यानं बुजतं म्हणे. चीर बुजत नाही. औषध सगळं रस्त्यावर सांडलं. गाडीनं दुधाचा अभिषेक करून घेतला आणि देवासारखी जागेवरच बसली.

बायको, ज्योत्स्ना, मागच्या सीटवर आडवी. तिच्या डायलिसिसची पाळी गेली. हॉस्पिटलात फोन केला — "आता मशीन मोकळी नाही, शुक्रवारी आणा. पाणी कमी पाजा."

ती खिडकीतून कापूस बघत होती. हसलीसुद्धा! "बरं झालं, आज सुई न्हाई." काय धीराची बाई. संध्याकाळी गाडी टेम्पोवर लादून घरी आणली.

५ नोव्हेंबर
शोरूमची पोरगी फार गोड बोलते. "सर, या गाडीत स्टेपनी येत नाही. वजन वाढतं, एका चार्जिंगमधली रेंज कमी होते."
म्हणलं, मंग मागचं सीटबी काढून घ्या. बायकोला घरी ठेवतो, रेंज अजून वाढंल!
"सूचना नोंदवली, सर." या मापाचं टायर बाहेरून मागवावं लागेल. कधी येईल? "लवकरच, सर."

छताला काच आहे. दारांत रंगीत दिवे आहेत. पाचवं चाक तेवढं चैनीत मोडतं.

शेजारचे काकासाहेब त्यांच्या जीपची स्टेपनी घेऊन आले. भोकंच जुळेनात. "एवढी महागाची गाडी, अन् तिला उसनं चाकबी चालंना! जावयापेक्षा वरचढ हाये राव."

६ नोव्हेंबर
तिचे पाय सुजले. आता तोंडही. टायरचा पत्ता नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
काकासाहेबांच्या जीपमधून नेलं. डिझेलच्या वासानं तिला उलट्या — आणि हाच वास नको म्हणून तर ही विजेची गाडी घेतली होती! मशीनवरून उठली ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. येताना पुन्हा जीप, पुन्हा उलट्या.

घरी आल्यावर म्हणाली, "अहो, हे किती दिवस चालायचं?"
म्हणलं, सोमवारपर्यंत. टायर निघालंय.
तिनं भिंतीकडं तोंड केलं.

९ नोव्हेंबर, रविवार
कंपनीला तक्रार लिहून राह्यलो. झकास उतरलीय! वाचून दाखवायला गेलो तर म्हणते, "टायरचं राहू द्या हो. जरा बसा माझ्यापाशी." बसलो. तेवढ्यात शोरूमचा फोन. उठलो. परत येईस्तोवर तिचा डोळा लागला होता.

श्वास लागतो तिला. मंगळवारही हुकला तर? जगाची टिंगल लिहून पोट भरलं मी. आज एक विनोद सुचत नाही. नुसता तिच्या छातीकडं बघत बसलोय — वर होते का, खाली होते का.

१० नोव्हेंबर
टायर आलं! बसलं! एक जास्तीचं विकत मागितलं तर म्हणाले, "देऊ, सर, पण ठेवणार कुठं? गाडीत जागाच नाही." असू द्या. मांडीवर घेऊन चालवीन. उद्या वेळेवर पोचतोय, बास!

११ नोव्हेंबर, मंगळवार
गाडीतच लिहितोय. सकाळी ती माझ्याआधी तयार. चांगली साडी. बॅग जड होती, मीच उचलून ठेवली. आज पुढं बसली, माझ्या शेजारी.

फाट्यावर आल्यावर म्हणाली, "वडीगोद्रीकडं घ्या. आईकडं सोडा मला."
गाडी थांबवली. म्हणलं, अगं, मशीनची वेळ झालीय!
"त्यांना सांगा, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी आता येणार न्हाई."

मागून हॉर्न वाजून राह्यले. मी अजून इंडिकेटर दिलेला नाही.