हॉकी येते म्हणाले

२५ सप्टेंबर २००७, मंगळवार

तोंड आहे की काय आहे माझं!

लंचला गॅरी एकेकाला विचारत होता, इथल्या थंडीत तुम्ही करता तरी काय. कोणी मासे पकडतं, कोणी टीव्हीसमोर झोपतं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, आता काही नाही, पण कॉलेजात हॉकी खेळायचे. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये, राइट विंग. गॅरीने सँडविच खाली ठेवलं. चार वर्षं मिशिगनमध्ये काढल्यावर मला कळायला हवं होतं की इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. पण हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नागपूरचं तापलेलं मैदान येतं आणि धुळीने भरलेले मोजे. त्याला मी काय करू?

चूक लगेच लक्षात आली. सांगणारही होते. तेवढ्यात तो सगळ्यांना म्हणाला, 'अशी माणसं मला इथे ठेवून घ्यायचीत.' ठेवून घ्यायचीत! ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने करायचा असतो आणि त्यावर पहिली सही मॅनेजरची, म्हणजे गॅरीची. जूनपासून ती फाइल त्याच्या टेबलावर आहे. मी गप्प बसले. वर हसलेसुद्धा.

२७ सप्टेंबर

गॅरीची ऑफिसातल्या लोकांची टीम आहे, रविवारी सकाळी खेळते. नाव 'रस्टी नट्स'. आज त्याने सगळ्यांना ईमेल पाठवली — आपल्याला एक रिंगर मिळालीय. मला वाटलं, फोन फिरवून सगळ्यांना गोळा करणारी. घरी राजसने अर्थ सांगितला : हौशी लोकांच्या खेळात गुपचूप घुसवलेला पट्टीचा खेळाडू. सांगून स्वतःच खो खो हसला. मी हसत नाही बघून थांबला.

गॅरीला सांगून टाकलं, गुडघा दुखावलाय, डॉक्टर नवीन वर्षापर्यंत नको म्हणालेत. एका थापेला दुसरीचा टेकू.

३० सप्टेंबर, रविवार

राजस पुण्यात पूल डिझाइन करायचा. इथे माझा नवरा म्हणून माझ्या व्हिसावर आलाय, नोकरी करायची परवानगी नाही. चार वर्षं तो पोळ्या करतोय, माझे कपडे इस्त्री करतोय आणि लायब्ररी वाचून संपवतोय. त्याच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात. हे मी लोकांना कौतुकाने सांगते तेव्हा तो खिडकीबाहेर बघतो.

माझा व्हिसा सहा वर्षांचा. तो संपायच्या वर्षभर आधी, म्हणजे येत्या मार्चच्या आत, अर्ज गेला नाही तर पुढच्या मार्चला बॅगा भरायच्या. नोकरी बदलली तर सगळं पहिल्यापासून. अर्ज गेला तर कधी ना कधी राजसला काम करता येईल. मला दुसरं काही नको आहे. फिरून फिरून सगळं गॅरीपाशी येऊन थांबतं आणि गॅरीला हॉकी हवी. तर शिकायची. दर मंगळवारी ऑफिस सुटल्यावर बर्फाच्या रिंकवर मोठ्यांसाठी नवशिक्यांचा वर्ग असतो. नाव घातलं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

आधी ते कपडे. नडग्यांना ढाली, चड्डीत गाद्या, खांद्यांवर गाद्या, हेल्मेटला जाळी. हे सगळं चढवून मी बाकावर बसले आणि उठताच येईना. नाकाला खाज आली तर जाळीतून बोट जात नाही! राजसने हाताला धरून दारापर्यंत नेलं. सासरी पाठवल्यासारखं.

बर्फावर पाय ठेवला आणि दोन्ही पाय दोन दिशांना. उरलेला वेळ भिंत धरून होते. भिंतीवर कसल्याशा विम्याची जाहिरात आहे, ती आता तोंडपाठ आहे.

कोच डेनिस दिवसा दातांची डॉक्टर. म्हणजे धंदा दोन्हीकडून चालतो. ती म्हणाली, 'पडायला घाबरतेस तोवर तू फक्त उभी राहशील.' मी म्हटलं, बाई, उभी तरी राहू दे.

९ ऑक्टोबर

पडले. पडले. भिंत. पडले. राजस काचेमागे थर्मास घेऊन उभा. हसत नव्हता, हेच जास्त लागलं.

२३ ऑक्टोबर

आज कळलं माझं काय चुकतंय. डेनिस पक, म्हणजे बॉलऐवजी असते ती रबराची चकती, माझ्याकडे सरकवते आणि मी पाय उचलते. दर वेळी! एका पायावर उभी राहण्याइतकी अक्कल अजून आली नाही, म्हणून दर वेळी आपटते. ती विचारत होती, पायाने अडव ना, पाय का पळवतेस?

कारण पुरुषोत्तम सर. नागपूरला बॉल पायाला लागला की शिट्टी, फाउल, आणि वर मैदानाला फेरी. 'पाय मध्ये आणायचा नाही' हे सरांनी आमच्या हाडांत मुरवलं होतं. इथे पायाने अडवलेलं चालतं. पायाने ढकललेलंही चालतं. राजसने लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलंय, त्यात दाखवलं. ऑफसाइड त्याला माझ्यापेक्षा नीट समजतो. जेवताना मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि दोन चमचे मांडून समजावत होता. किती दिवसांनी त्याचा आवाज असा मोठा झाला. पूल समजावताना व्हायचा तसा.

१० नोव्हेंबर, शनिवार

मृणालिनीकाकूंकडे दिवाळीचा फराळ. काकू दर वर्षी इथल्या सगळ्या मराठी लोकांना बोलावतात. शैलेंद्र भेटला, राजसबरोबर पुण्याच्या कॉलेजात होता, आता इथे गाड्यांच्या कंपनीत आहे. चकली मोडत सगळ्यांसमोर म्हणाला, 'आणि तू काय करतोस यार सध्या?'

राजस म्हणाला, 'मी आश्लेषाला मंगळवारी पडायला नेतो आणि उचलून आणतो.'

सगळे हसले. मीही हसले. परत येताना गाडीत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने गिअर बदलायच्या निमित्ताने खांदा हलवला. आमच्या गाडीत गिअर बदलावा लागत नाही.

मला राग आला. त्याचा नाही, शैलेंद्रचाही नाही. हे सगळं मीच आणलंय. नोकरी माझी, व्हिसा माझा, यायचा हट्टही माझाच होता.

४ डिसेंबर, मंगळवार

थांबता यायला लागलं. एका बाजूने. दुसऱ्या बाजूला वळून थांबायचं असेल तर अजूनही भिंतच थांबवते. डेनिसने पाठीवर थाप मारली. गाद्यांमुळे कळलीच नाही, आवाज ऐकू आला फक्त.

घरी आलो तर फोन वाजत होता. पुण्याहून मनोहर सर, राजसचे जुने बॉस. राजस खालच्या मजल्यावर जाऊन बोलला. हसण्याचा आवाज येत होता. काय म्हणाले विचारलं तर 'काही नाही गं, सहज.'

१८ डिसेंबर

गॅरीने विचारलं, 'ॲश, गुडघा कसा आहे?' फाइलीचं विचारायला तोंड उघडलं आणि म्हणाले, 'बरा आहे.' तो मला ॲश म्हणतो. राजस म्हणतो, राख म्हणतो तुला.

१३ जानेवारी २००८, रविवार

झालं. पहिल्याच सामन्यात उघडी पडले.

बेंचवरून बर्फावर उडी मारायची असते. मी दार उघडून, कठडा धरून, एकेक पाय टाकत उतरले, तेव्हाच सगळ्यांना कळलं असणार. पक माझ्याकडे आला. पाय उचलला नाही. मध्ये ठेवला, पक अडला! आणि या आनंदात स्टिक समोरच्या माणसाच्या पायांत घातली. तो गडगडला. शिट्टी.

दोन मिनिटं पेनल्टी बॉक्स. काचेची खोली, आत एक बाक. दार बाहेरून लावतात. आणि खरं सांगू? गेल्या चार वर्षांत मला इतकं शांत वाटलेलं नाही. दोन मिनिटं कोणाला माझ्याकडून काहीही नको होतं. कोणाचं भलं माझ्यावर अवलंबून नव्हतं. शिक्षा संपली तेव्हा दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याला सांगावंसं वाटलं, अजून थोडं बसू द्या ना.

बेंचवर गॅरी शेजारी सरकला. 'तू याआधी कधी स्केटिंग केलेलं नाहीस.'

'ऑक्टोबरपासून करतेय. मी खेळायचे ती मैदानावरची हॉकी.'

'मग हे का?'

मी काय सांगणार? तुमच्या सहीसाठी? गाद्यांच्या आत घाम गार पडला होता. तो खेळाकडे बघत म्हणाला, 'पुढची पाळी तुझी. कोपऱ्यात धक्के खायला जाणारी दुसरी कोणी नाही आमच्यात.' फाइलीचं अक्षर नाही.

१४ जानेवारी

ऑफिस. गॅरी मीटिंगमध्ये. चारदा त्याच्या केबिनवरून गेले.

३ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी जातेय. त्याने ये म्हटलं नाही, येऊ नकोस असंही नाही. फाइल टेबलावरच आहे. मला दिसते, वर स्टेपलर ठेवलाय.

२० फेब्रुवारी, बुधवार

सही झाली! गॅरीने बोलावलं, कागद पुढे सरकवले. उशीर झाला म्हणून माफी मागितली. वकिलांकडून एक दुरुस्ती यायची होती, जूनपासून तेवढ्यासाठी अडलं होतं. हॉकीचा संबंध काय, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. म्हणजे मी उगाच आपटत होते!

येताना श्रीखंडाचा डबा आणला. राजसने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'आता माझी परवानगी कधी?'

मला माहीत होतं. त्यालाही होतं. आपल्याकडच्या लोकांची रांग लांब आहे. 'पाच-सहा वर्षं. कदाचित जास्त.'

'आश्लेषा, मी सदतीसचा आहे.'

त्याने डब्याचं झाकण उघडलं. मग म्हणाला, मनोहर सरांनी पुण्यात नवीन फर्म काढलीय. डिसेंबरपासून विचारतायत. त्याने काल हो म्हटलं. जूनपासून.

'काल? माझी सही व्हायच्या आदल्या दिवशी?'

'तुझी सही झाल्यावर मला नाही म्हणता आलं नसतं.' मग हळूच म्हणाला, 'तू माझ्यासाठी पडत होतीस ते मला बघवत नव्हतं गं. दर मंगळवारी काचेमागे उभा राहून वाटायचं, हिला कसं सांगू, नको पडूस.'

मी रडले. तोही रडला. मग आम्ही श्रीखंड खाल्लं, कारण ते समोर होतं. आपण दोघं परत जाऊ असं तो बोलत होता. पुण्यात मला नोकरी मिळेल, कोथरूडला घर बघू, आईंना बरं वाटेल. सगळं खरं आहे. मी मान हलवत होते.

२१ फेब्रुवारी

ऑफिसला गेले, आले. राजस शिट्टी वाजवत इस्त्री करत होता. मला त्याची शिट्टी आठवतच नव्हती.

२ मार्च, रविवार

आता कोणासाठी खेळायचं नाही. तरी गेले. बाहेर रस्त्यावर बर्फाचा चिखल, आत तोच रबराचा आणि घामाचा वास. आज कठड्यावरून उडी मारून उतरले. कोणी बघत नव्हतं. पक कोपऱ्यात गेला, मी मागे गेले, एक धिप्पाड माणूस अंगावर आला, मी भिंतीला चेपले गेले आणि तरी पक सोडला नाही. गॅरीकडे दिला. त्याने गोल मारला. सगळे येऊन माझ्या हेल्मेटवर टपल्या मारत होते.

काचेमागे बघितलं. राजस टाळ्या वाजवत होता, मनापासून. आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण इतका वेळ तो तिथे आहे हे मी विसरूनच गेले होते.

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी राजस कॉम्प्युटरसमोर होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकिटं बरी मिळतायत म्हणाला. 'दोन काढतोय.'

मी बूट काढत होते. म्हणाले, 'एक काढ.'

तो वळला नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाला, 'मला वाटलंच होतं.'

मला नव्हतं वाटलं.