बोरन्हाणातली जेली

अनुराधाताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच नाव.

आज सोफा सरकवला. खाली माझ्या अस्मीच्या बोरन्हाणातली सुकलेली बोरं होती, हलव्याचा एक डूल होता आणि तुम्ही आणलेल्या जेलीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

त्या दिवशी तुमच्या वेदांगचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं. तुम्ही म्हणालात, "शारजाची धूळ गं, दुसरं काही नाही." काळ्या झबल्यातल्या अस्मीच्या डोक्यावरून आपण बोरं आणि जेली ओतली. तो तिला खेटून बसला आणि वेचून खात राहिला. "मामी, मोअर जेली," म्हणत होता. त्याच आठवड्यात त्याला गोवर उठला, मग अस्मीला. तो बरा झाला. तिला न्यूमोनिया झाला. इथे शारजात गोवराची पहिली लस वर्षाची झाल्यावर देतात, तिची पहिल्या वाढदिवसाला होती. तोवर ती राहिली नाही.

लशीत प्राण्यांचं जिलेटिन असतं, आमच्या धर्मात बसत नाही, असं तुम्ही वेदांगच्या शाळेला लिहून दिलं होतंत. मी वाद घातला तेव्हा म्हणालात, "बाकीच्या मुलांनी घेतलीय ना? मग खलास." सुरेशनेही मलाच गप्प केलं. ताईची श्रद्धा आहे, म्हणाला.

पाकिटावर लिहिलंय, बीफ जिलेटिन.

मी फोटो काढला, पण पाठवणार नाही. हे पत्रही नाही. कळलं तर तुम्ही रडाल, गुरुजींना विचाराल, उपास धराल, प्रायश्चित्त घ्याल.

त्या जेलीचं.

अस्मीची आई,
मुग्धा