एकटीनं जेवताना

जीवनच्या आबांना नर्मदाचा पाया पडून नमस्कार.

इथं जीवनकडं आल्यापासनं गुडघ्याचं दुखणं उतारावर हाय. फोनवर बोलताना सूनबाई शेजारी असते, म्हणून लिहायलेय. पोरं कामावर गेली की दुपारी मी एकटीच जेवते. परवा कोरड्या भाकरीचा घास नरड्यात अडकला. श्वास न्हाई, खोकला न्हाई, हाकही निघंना. दवाखान्याच्या आशाताईनं गावात दाखवलं होतं, तसं बेंबीच्या वर खुर्चीची पाठ लावून अंग दोन-तीनदा जोरानं रेटलं, तवा घास बाहेर पडला. पोरांना सांगितलं न्हाई.

तुमच्या दाढा पडल्यात, अन् तुमी बोलत बोलत जेवता. भाकर वरणात चुरून बारीक घास घ्या. अडकलाच तर पाणी पिऊ नका, तसंच रेटा अन् अंगणात या, म्हणजे शेजारच्या पारूबाईला दिसाल. म्हैस दूध देती का?

आता मी दार उघडं ठेवून जेवते. समोरची बाई विचारती, "कोणी यायचंय का?" मी हो म्हणते.

तुमच्या घरची,
नर्मदा