कुंड्यांची तहान

माळीणबाई,

गच्चीतल्या झाडांना आपोआप पाणी देणारा तो पंप मला फुकटात पडला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानातलाच जुना पंप, उरलेल्या नळ्या. खरी किंमत एकोणीस झाडं. पाणी जास्त होऊन मुळं कुजली.

तू बोटाच्या पेराने मातीची कुंडी वाजवायचीस. खणखणली तर तहानलेली, बद्द वाजली तर ओली. मी हसायचो. पंप बसवला तेव्हा तर म्हणालो, "अगं, मी दहा पावलांवरून पंपाचं दुखणं ओळखतो! तुझी मेहनत वाचवली, तर तोंड का पाडतेस?"

"अहो, घरात दिवसभर काय करायचं ते सगळे मलाच सांगतात. इथे गच्चीत तेवढं मी कुंडीचं ऐकून ठरवायचे," तू म्हणालीस. मग रोपवाटिकेत नोकरी धरलीस, आणि राहायला तिथलीच खोली.

परवा कुंपणाआडून पाहिलं. चार जणींना कुंडी वाजवायला शिकवत होतीस, मोठ्याने हसत होतीस. हाक मारायचा धीर झाला नाही. हे पत्रही टाकवणार नाही.

एक झाड अजून जगलंय. रोज सकाळी मी त्याची कुंडी वाजवतो. कोरडी आहे की ओली, मला कळत नाही.

तुझा,
पंपवाला