पाटीवरची मोकळी जागा

प्रिय मुकादम,

हाक वाचून भुवया चढवू नकोस. मी पाट्या रंगवताना शिडीखाली उभी राहून माझ्यावर डाफरायचीस तेव्हापासून तू मुकादमच. मी बसस्टँडसमोरच्या लॉजवर आहे. खिडकीतून एका सलूनची पाटी दिसते, अक्षरं अशी तिरकी की तू खाली उतरवून पुन्हा लिहायला लावली असतीस. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

माझी इम्युनोथेरपीची सलाईन चालू असायची आणि तू शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या पाट्या आखायचीस, आठवतं? मूत्रपिंडातली गाठ आटली, फुप्फुसातले ठिपकेही गेले, तेव्हा तू डॉक्टरांसमोरच रडलीस. मी ढिम्म. पुढे शिडीवरच पेंगायला लागलो. जेवण नको, बोलणं नको, तुझ्याजवळ येणंही नको. तू म्हणालीस, साहेब, आता कॅन्सरही नाही, कामचुकारपणाला नवीन निमित्त शोधा. मी हसलोसुद्धा नाही. मग त्या दुपारी तू आपल्या दुकानाची पाटी दाखवलीस, दोघांची नावं पेन्सिलीने आखलेली, आणि विचारलंस, राहशील ना आता एका जागी? मी जांभई दिली.

तू समजलीस, याला कंटाळा आला. गंमत म्हणजे मीही तेच समजलो. कंटाळा आला की पिशवी उचलायची, हेच आयुष्यभर केलंय. दुसरं काही असेल असं डोक्यातच आलं नाही. निघालो.

इथे तिकिटाच्या रांगेत कोसळलो. हमालाला वाटलं प्यायलोय, तोंडाचा वासही घेतला बिचाऱ्याने. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने अंगातली फौज उठवली, ती गाठीवर तुटून पडली आणि जाता जाता मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथीही जाळून गेली. भूक, ताकद, ओढ, सगळ्यांचे हुकूम तिथून सुटतात म्हणे. आता स्टेरॉइडच्या गोळ्या जन्मभर, चुकल्या तर जिवावर. मूलही बहुधा नाही. गोळ्यांनी पाय चालतात गं, मन चालत नाही. तुझा फोटो घेऊन बसतो आणि भिंतीकडे बघावं तसं बघतो. रडावं म्हटलं तर तेही येत नाही.

काल तुझ्या भावाचा फोन आला. आधी पोटभर शिव्या, मग म्हणाला, दुकान सुरू झालंय. पाटीवर तू तुझं नाव रंगवलंस, माझं मात्र अजून पेन्सिलीतच आहे. त्यात रंग भरणं माझंच काम, म्हणून तू कुणाला हात लावू देत नाहीस. त्यासाठीच लिहितोय. ती जांभई म्हणजे नकार नव्हता. ‘हो’ म्हणायला आतून जे उठावं लागतं तेच मेलं होतं. आजही उठत नाही, आणि उठेल असं इथे कुणी म्हणत नाही. असल्या माणसाची वाट बघू नकोस. माझं नाव घालवून टाक. खोडरबराने नको, खुणा राहतात. वरून पाटीचाच रंग दे, दोन हात.

तुझाच,
भटक्या