पॉलिस्टायरीनची रेघ

१८ फेब्रुवारी १९८१

पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक कर्णिक सर ऐकतच नाहीत! एसटीनं मुंबई गाठायची, त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि तेच ऐकून महाडला परत यायचं. "पॉलिस्टायरीन एवढी मोठी रेघ देणार नाही. पुन्हा बघ."

काय पुन्हा बघू? गॅमा किरण पडले की प्लॅस्टिकच्या रेणूच्या साखळीतला हायड्रोजन उडतो, मागे एकटा इलेक्ट्रॉन उरतो — तो झाला मुक्त मूलक. यंत्रावर त्याची रेघ उमटते. मान्य, पॉलिस्टायरीनमध्ये बेंझिनची कडी आहेत. बसलेला तडाखा कडं आपल्यातच वाटून घेतं, साखळी वाचते, मूलक थोडेच होतात. हे मीच कॉलेजात पोरांना शिकवतो. पण माझी रेघ ठसठशीत येते, त्याला मी काय करू? अख्खा प्रबंध या रेघेवर उभा आहे. मार्चअखेर दिला नाही तर नोंदणी रद्द.

२५ फेब्रुवारी

चांगूमामा मुंबईहून आला. २० मार्चला सत्याग्रहाच्या स्मरणाला सगळे तळ्यावर येतातच, तर त्याच संध्याकाळी बौद्धवाडीच्या विहारात माझा सत्कार. "भाच्या, वाडीतला पयला डाक्टर तू. बोर्ड रंगवाया टाकलाय." अजून प्रबंधच दिला नाही, म्हटलं. "दिल्यासारखाच हाय." आई नुसती हसत होती.

३ मार्च

सरांचं तेच. डोकं उठलंय.

८ मार्च

आईवर ओरडलो. फार ओरडलो. किरण टाकताना भुकटीचा नमुना ज्यांत ठेवतो त्या काचेच्या नळ्या रिकाम्या करून खिडकीत ठेवल्या होत्या. किरणांनी काच तपकिरी पडते, नेहमीचंच. तिला वाटलं काजळी. "सत्काराला मानसं घरात येतील, ह्ये काळं बगतील." घासून निघेना, म्हणून चुलीतल्या निखाऱ्यांखाली राखेत पुरून ठेवल्या. नळ्या लख्ख! जेवलो नाही.

९ मार्च

तास घेता घेता खडू हातातच राहिला.

रंग काचेच्या आत होता. म्हणजे किरणांचा मार काचेनंही खाल्ला. एकटे इलेक्ट्रॉन तिच्यातही अडकले असणार, आणि उष्णतेनं गेले. यंत्रात नमुना जातो तो नळीसकट. मग मी मोजतोय काय?

१६ मार्च

मुंबईहून आलो. रिकाम्या नळीवर किरण टाकून घेतले — रेघ तीच, तेवढीच ठसठशीत.

मग पॉलिस्टायरीनची नळी घेतली. भुकटी एका टोकाला थंड ठेवली, दुसरं टोक ज्योतीवर तापवून काच निवळू दिली, गार झाल्यावर भुकटी तिकडे सरकवली. तेवढंच टोक यंत्रात. रेघ जेमतेम दिसली. कडं खरंच मार वाटून घेतं. सर बरोबर होते.

रागावलेही नाहीत. "सगळं पुन्हा मोजावं लागेल," एवढंच म्हणाले. चार पावसाळे पाण्यात गेले, आता नोंदणीही जाणार. आईला सांगितलं, तुझी राख खरी निघाली आणि माझा प्रबंध खोटा.

१८ मार्च

मामाला म्हटलं, सत्कार नको. "मंडप घातलाय, आता नाय म्हनायचं नाय." त्याच्याशी कोण भांडणार?

२० मार्च

गळ्यात हार असतानाच माईकवर सगळं सांगून टाकलं. रेघ पॉलिस्टायरीनची नव्हती, काचेची होती, आधीचं एकही मोजमाप धरता येत नाही. इलेक्ट्रॉन, बेंझिन, मूलक ऐकून अख्ख्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. मामानं तर उभं राहून.

आईनं वाजवल्या नाहीत.